तंबू, राहुटी आणि पाल

२४ ऑगस्ट १८७७ची सकाळ. अमेरिकेतल्या येलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये, लोअर गीझर बेसिन नावाच्या माळावर एमा कोवन आपल्या तंबूत जागी झाली. त्या दिवशी तिच्या लग्नाला दोन वर्षं पूर्ण होत होती. सोबत नवरा जॉर्ज, भाऊ फ्रँक, तेरा वर्षांची धाकटी बहीण आयडा आणि काही मित्र. एकूण नऊ जण. मोंटानातल्या रेडर्सबर्ग गावाहून घोडागाडी, सामानाची गाडी आणि स्वारीचे घोडे घेऊन ही मंडळी ऑगस्टच्या सुरुवातीलाच निघाली होती. जमिनीतून उसळणारी गरम पाण्याची कारंजी, म्हणजे गीझर, बघून झाले होते. आपल्या न्हाणीघरातल्या गीझरचा शब्द तोच. आता तंबू गुंडाळून घरी परतायचं होतं.

बाहेर अनोळखी आवाज येत होते. एमानं कनात बाजूला करून पाहिलं, तर शेकोटीपाशी काही मूलनिवासी तरुण उभे होते. थोड्याच वेळात झाडीतून रांगच्या रांग दिसायला लागली. शेकडो घोडे, पुरुष, बायका, पाठीवर पोरं, म्हातारी माणसं. जखमीही होते.

सुट्टीवर निघालेलं एक कुटुंब आणि जीव घेऊन पळणारी शेकडो कुटुंबं त्या सकाळी एकाच माळावर समोरासमोर आली. गाडीत तंबू टाकून मुलाबाळांसह निसर्ग बघायला जायची जी अमेरिकन रीत आज जगभर पसरली आहे, तिचा इतिहास सांगायचा तर या सकाळीपासून सांगायला हवा.

एकाच रानात तीन मुक्काम

मराठीत कापडाच्या घराला निदान तीन शब्द आहेत. हौसेनं किंवा समारंभासाठी ठोकतो तो तंबू. मोहिमेवर निघालेल्या फौजेची ती राहुटी. आणि ज्यांना गावात जागा नाही, त्या भटक्यांचं ते पाल. कापड तेच, दोऱ्या त्याच, खुंट्याही त्याच. फरक असतो तो आत झोपणाऱ्या माणसाच्या मागे घर आहे की नाही याचा.

१८७७च्या ऑगस्टमध्ये येलोस्टोनच्या परिसरात हे तिन्ही मुक्काम होते. कोवन मंडळींचा तंबू. जनरल ऑलिव्हर हॉवर्डच्या फौजेच्या राहुट्या, काही दिवसांच्या अंतरावर मागून येणाऱ्या. आणि ती फौज ज्यांच्या मागावर होती, ते नेझ पर्स लोक.

नेझ पर्स हे फ्रेंचांनी ठेवलेलं नाव. त्याचा अर्थ 'टोचलेलं नाक'. ते स्वतःला निमीपू म्हणतात. आजच्या आयडाहो, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत त्यांची भूमी पसरली होती. १८५५च्या करारात त्यातली सुमारे ७५ लाख एकर जमीन त्यांची म्हणून मान्य झाली. मग १८६०मध्ये तिथे सोनं सापडलं. १८६३मध्ये नवा करार आला आणि त्यात जवळजवळ नव्वद टक्के जमीन गेली. काही पुढाऱ्यांनी त्यावर सही केली. ज्यांची गावं नव्या सीमेबाहेर जात होती, त्यांनी केली नाही. ओरेगनमधल्या वालोवा खोऱ्यातले लोक सही न करणाऱ्यांपैकी. त्यांचा पुढारी म्हणजे इतिहासात 'चीफ जोसेफ' या नावानं ओळखला जाणारा माणूस.

मे १८७७मध्ये हॉवर्डनं त्यांना तीस दिवसांची मुदत दिली. गुरं-घोडे घेऊन राखीव प्रदेशात या, नाहीतर फौज आणेल. लोक निघालेही. पण वाटेत काही तरुणांचा संयम सुटला, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हत्या झाल्या आणि युद्ध पेटलं. साधारण साडेसातशे माणसं आणि दोन हजारांच्या आसपास घोडे डोंगर ओलांडत पूर्वेला पळाले. त्यात लढणारे पुरुष पाव हिस्सा असतील किंवा थोडे जास्त. बाकी बायका, मुलं, म्हातारे.

९ ऑगस्टच्या पहाटे बिग होल या ठिकाणी ते झोपेत असताना फौजेनं छावणीवर गोळ्या झाडल्या. साठ ते नव्वद लोक मेले, त्यात बायका आणि मुलं बरीच होती. वाचलेल्यांनी घाईघाईनं मृतांना पुरलं, बरंच सामान तिथेच टाकलं आणि पुढची वाट धरली. दोन आठवड्यांनी ते येलोस्टोनमध्ये शिरले.

याच ऑगस्टमध्ये आणखी एक पाहुणा येलोस्टोन बघून गेला होता. विल्यम टेकम्से शर्मन, अमेरिकन लष्कराचा सरसेनापती. जेमतेम संरक्षण सोबत घेऊन तो गीझर बघायला आला आणि नेझ पर्स तिथे पोहोचण्याच्या काही दिवस आधी निघून गेला. त्याची फौज ज्यांच्या मागे लागली होती, तेच लोक याच वाटेवर येतील असं त्याला वाटलं नव्हतं.

'रडते का?'

पुढे काय झालं, ते दोन्ही बाजूंनी लिहून ठेवलेलं आहे. त्या सकाळी शेकोटीपाशी आलेल्यांत यलो वुल्फ नावाचा विशीतला तरुण होता. त्यानं म्हातारपणी आपली हकिकत सांगितली, ती १९४०मध्ये पुस्तकरूपानं आली. एमानं आपल्या आठवणी १९०३मध्ये छापल्या.

कोवन मंडळींपैकी एक जण आलेल्या तरुणांना साखर-पीठ वाटायला लागला. जॉर्जनं ते तोडून थांबवलं. तो वकील, यादवी युद्धात लढलेला, ताठ माणूस. ते आलेल्यांना लागलं. कोवन मंडळींना सोबत घेऊन तांडा एका ओढ्याच्या काठाकाठानं वर निघाला. पडलेल्या झाडांतून गाड्या जाईनात, तेव्हा त्या सोडून द्याव्या लागल्या. पुढाऱ्यांनी बैठक घेतली, दमलेले घोडे देऊन धडधाकट घोडे घेतले आणि यांना सोडून दिलं. पण काही संतापलेले तरुण मागून आले. जॉर्जच्या मांडीत गोळी लागली. एमा त्याच्या अंगावर आडवी पडली. तिला ओढून बाजूला केलं गेलं आणि जॉर्जच्या डोक्यात गोळी घातली गेली. नवरा गेला असं समजून एमा, फ्रँक आणि आयडा पुन्हा तांड्यासोबत निघाले.

त्या रात्री एमा एका शेकोटीपाशी बसली होती. समोर चीफ जोसेफ गप्प, गंभीर बसलेला. एका बाईनं आपलं तान्हं मूल एमाच्या मांडीवर ठेवलं. एमाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिनं फ्रँकला तुटक्या इंग्रजीत विचारलं, ही रडते का? आज हिचा नवरा मारला गेला, असं फ्रँकनं सांगितलं. बाई म्हणाली, मग तिचं काळीज दुखत असेल. पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या पहाटेनंतर त्या छावणीत हे दुखणं घरोघरी होतं.

दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांनी तिघांना घोडे दिले, थोडं खायला दिलं, वाट दाखवली आणि लवकर जा म्हणून सांगितलं. ते सुखरूप पोहोचले. आणि जॉर्ज? तो मेलाच नव्हता. आणखी एक गोळी खाऊन, कित्येक दिवस सरपटत तो आपल्या जुन्या मुक्कामापर्यंत पोहोचला, तिथे हॉवर्डच्या माणसांना सापडला. कपाळातली चपटी झालेली गोळी डॉक्टरनं काढली. काही आठवड्यांनी नवरा-बायकोची भेट झाली.

सगळेच पर्यटक इतके नशीबवान नव्हते. त्याच दिवसांत येलोस्टोनमध्ये फिरायला आलेल्या दुसऱ्या एका गटातले दोन जण नेझ पर्स तरुणांच्या हातून मारले गेले. पळणारे लोक गरीब गाय होते, असं कुणी म्हणत नाही. एमानंही म्हटलं नाही. पण पंचवीस वर्षांनी लिहायला बसल्यावर तिनं जे लिहिलं, ते त्या काळच्या गोऱ्या लेखनात सहज सापडत नाही. त्या लोकांवर काय गुदरलं होतं हे आता कळल्यावर, आपल्यापैकी कुणीही जिवंत सुटलं याचंच नवल वाटतं, असं ती म्हणते. गोऱ्या माणसाचं नावही नकोसं व्हावं अशा वेळी त्यांनी दया दाखवली, ती ख्रिस्ती माणसांनी शिकावी अशी होती, असंही म्हणते.

तांड्यानं एकूण सुमारे १,९०० किलोमीटर वाट तुडवली. ५ ऑक्टोबर १८७७ला, कॅनडाची सीमा ६५ किलोमीटरवर असताना, जोसेफ आणि चारशेहून अधिक लोक शरण आले. परत आयडाहोला पाठवू, असा शब्द त्यांना मिळाला होता. पाठवलं कान्सास आणि पुढे ओक्लाहोमाच्या बाजूला, जिथे हिवतापानं आणि उपासमारीनं अनेक मेले. १८८५मध्ये वायव्येकडे परतायची परवानगी मिळाली. जोसेफला मात्र वालोवात कधीच राहू दिलं नाही. १९०४मध्ये तो वॉशिंग्टन राज्यातल्या कोलव्हिल राखीव प्रदेशात वारला.

येऊन जा, राहू नका

येलोस्टोन १ मार्च १८७२ला नॅशनल पार्क झालं. जगातलं पहिलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. लोकांच्या लाभासाठी आणि आनंदासाठी ही जागा राखली आहे, असं त्या कायद्यात म्हटलं आहे. उत्तरेच्या प्रवेशद्वाराच्या दगडी कमानीवर ते शब्द कोरलेलेही आहेत. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती कमानीवर नाही. या हद्दीत कुणी वस्ती केली, तर तो अतिक्रमण करणारा समजला जाईल आणि त्याला काढून टाकलं जाईल. म्हणजे येऊन जाणारा चालेल, राहणारा नाही.

पण राहणारे तर होते. तुकुडिका नावाचे शोशोनी लोक, ज्यांना गोरे 'मेंढीखाऊ' म्हणत, या डोंगरांत पिढ्यान्पिढ्या राहत होते. इथल्या काळ्या काचदगडाच्या कड्यावरून हत्यारांसाठी दगड नेण्याची परंपरा अकरा हजार वर्षं जुनी आहे आणि तो दगड पार ओहायोतल्या प्राचीन टेकाडांत सापडला आहे. नेझ पर्स लोकांना तर ही वाट ठाऊक होती. गरम झरे आपल्याला नवे नव्हते, असं त्यांच्यातल्या लोकांनी पुढे सांगितलं.

१८७७च्या घटनेनंतर मात्र पार्कचे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांना पर्यटकांची काळजी पडली. बातम्यांमुळे लोक यायचे थांबले तर? १८७९मध्ये त्यांनी पार्कचं मुख्यालय बांधलं ते गढीसारखं, टेकडीवर, गोळ्या झाडता येतील असं. तुकुडिकांना राखीव प्रदेशांत पाठवलं गेलं. आणि नॉरिस यांनी एक समजूत जोरात पसरवली. मूलनिवासी लोक गीझरना भुताटकी समजून घाबरतात, त्यामुळे ते इकडे फिरकतच नव्हते. माणसं हलवल्यावर, ती कधी नव्हतीच असं सांगणं सोपं झालं.

पार्कच्या जन्माची कथाही एका शेकोटीभोवतीच रंगवली गेली. १९ सप्टेंबर १८७०च्या रात्री वॉशबर्न मोहिमेतले लोक दोन नद्यांच्या संगमावर मुक्कामाला होते. ही जागा कुणाच्या खासगी मालकीची होऊ नये, सगळ्या देशाची व्हावी, असं त्यांना शेकोटीच्या उजेडात सुचलं, अशी ही कथा. पार्कचे रेंजर ती पर्यटकांना पिढ्यान्पिढ्या सांगत आले. १९६०च्या दशकात पार्कचे स्वतःचे इतिहासकार ऑब्री हेन्स यांनी कागदपत्रं तपासली आणि ती रात्र तशी घडली याला पुरावा मिळत नाही, असं दाखवलं. ते अनेकांना रुचलं नाही.

त्या मोहिमेच्या लष्करी तुकडीचा प्रमुख होता लेफ्टनंट गुस्ताव्हस डोएन. त्याच वर्षाच्या जानेवारीत मोंटानात मरायस नदीकाठी पिकनी लोकांच्या छावणीवर हल्ला झाला होता. किमान १७३ माणसं मारली गेली, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे होते. त्या हल्ल्यात डोएन पुढे होता. हिवाळ्यात एका छावणीवर गोळ्या, आणि उन्हाळा सरताना दुसऱ्या छावणीत निसर्गरम्य रात्र. पार्कमधल्या एका शिखराला पुढे त्याचं नाव मिळालं.

मोटार आली

सुरुवातीला येलोस्टोनचे पाहुणे दोन जातींचे होते. आगगाडीनं येऊन हॉटेलात उतरणारे, बग्गीतून फिरणारे पैसेवाले. आणि स्वतःच्या छकड्यात तंबू, तवा, पिठाची पोती आणि पोरं घालून येणारी आसपासची शेतकरी कुटुंबं. या दुसऱ्यांना 'सेजब्रशर' म्हणत, तिथल्या माळावरच्या झुडपाच्या नावावरून. १ ऑगस्ट १९१५ला मोटारींना अधिकृत परवानगी मिळाली आणि सेजब्रशरांचा जमाना आला. दोन वर्षांत बग्ग्या संपल्या. फोर्डच्या स्वस्त मोटारीनं कारकुनालाही कुटुंब घेऊन निघता येऊ लागलं. १९४८मध्ये वर्षाला दहा लाख पर्यटकांचा आकडा पहिल्यांदा ओलांडला. २०२१मध्ये तो अठ्ठेचाळीस लाखांवर गेला.

सुरुवातीला लोक वाटेल तिथे गाडी घालत. वनस्पतींच्या रोगांचे अभ्यासक ई. पी. मायनिकी यांच्या लक्षात आलं की चाकांनी आणि पावलांनी जमीन दबते, मुळं गुदमरतात आणि ज्या झाडांखाली झोपायला लोक येतात तीच झाडं मरतात. १९३२मध्ये त्यांनी तळांसाठी नवा आराखडा मांडला. एकदिशा गोल रस्ता, त्याला फुटलेले छोटे फाटे, प्रत्येक फाट्याला एका गाडीची जागा, एक टेबल, एक चूल, मध्ये झाडांचा आडोसा. आज अमेरिकेत कुठेही कॅम्पिंगला गेलात तर जो नंबर घातलेला प्लॉट मिळतो, तो या आराखड्याचाच नातू. झाडं वाचली, हे खरंच. सोबत रानात एक शिस्तीची कॉलनीही उभी राहिली.

रस्त्यावरच्या गावांनीही १९२०च्या सुमारास मोटारवाल्यांसाठी फुकट तळ उघडले. पाणी, सरपण, कधी दिवेसुद्धा. उतरलेलं कुटुंब गावात चार पैसे खर्च करेल, हा हिशोब. काही वर्षांत या तळांवर दुसरीच माणसं येऊ लागली. कामाच्या शोधात फिरणारे, जुनाट मोटारीत अख्खा संसार घातलेले. मग गावांनी रात्रीचं भाडं लावलं, मुक्कामाला दिवसांची मर्यादा घातली. १९३०च्या मंदीत आणि धुळीच्या वादळांत असे लोक लाखांनी वाढले. तंबू तोच, मोटारही त्याच कंपनीची. फक्त यांच्या मागे घर नव्हतं.

आणि ज्यांच्या मागे घर होतं, खिशात पैसे होते, नवी कोरी मोटार होती, तरी रात्री उतरायला जागा नव्हती, असेही लोक होते. कृष्णवर्णीय कुटुंबांना वाटेतली हॉटेलं दार बंद करत, पेट्रोल पंप संडास वापरू देत नसत. म्हणून डबे, पांघरुणं, पेट्रोलचा कॅन सोबत घेऊन निघायचं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६मध्ये एक छोटी मार्गदर्शिका काढली. कुठल्या गावात कोण खोली देईल, कोण जेवायला वाढेल, याची यादी. ती 'ग्रीन बुक' तीस वर्षं निघत राहिली. खुद्द सरकारी नॅशनल पार्कांतही भेद होता. व्हर्जिनियातल्या शेनांडोआ पार्कमध्ये १९३९मध्ये लुईस माउंटन नावाचा वेगळा तळ कृष्णवर्णीयांसाठी उघडला. पार्कमधला भेद पूर्ण संपायला १९५० उजाडलं.

गाव कुठलं?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतून उन्हाळ्यात आई-बाबा आले की येलोस्टोनची सहल ठरलेली असते. कूलरमध्ये थेपले आणि तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि ओल्ड फेथफुल उसळल्याचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर. तो तुमच्याही फोनवर आलेला असेल. त्यात आनंद आहे आणि तो खोटा नाही. एमाचाही खोटा नव्हता.

फक्त तो व्हिडिओ बघताना आपल्या भाषेतला तो तिसरा शब्द आठवावा. येलोस्टोनच्या कायद्याच्या आदल्याच वर्षी, १८७१मध्ये, ब्रिटिशांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी उत्तरेत, मग पुढे सगळीकडे. फिरत्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या, त्यांना हजेरी लागली, फिरायला परवाना लागला. कायदा १९५२मध्ये गेला, पण पारध्यांच्या पालापाशी येणारा पोलीस अजून पहिल्यांदा 'गाव कुठलं?' असंच विचारतो. दोन देश, दोन सरकारं, पण भटकणाऱ्या माणसाबद्दलचा संशय एकच. त्याच काळात सुखवस्तू माणसाचं भटकणं मात्र 'पर्यटन' झालं, त्याला रस्ते मिळाले, तळ मिळाले, कमानी मिळाल्या. ताडोबा-मेळघाटातून गावं हलवण्याचे वाद वाचताना येलोस्टोनच्या कायद्यातलं ते अतिक्रमणाचं कलमही डोळ्यांसमोर ठेवावं.

येलोस्टोनमध्ये थोडं काही बदललं आहे. जून २०२२मध्ये डोएनचं नाव शिखरावरून काढलं गेलं. आता ते 'फर्स्ट पीपल्स माउंटन' आहे. मॅडिसनहून ओल्ड फेथफुलकडे जाताना एक ओढा लागतो, त्याचं नाव नेझ पर्स क्रीक. कोवन मंडळींना ज्याच्या काठानं नेलं, तोच हा ओढा. गवे दिसले की तिथे गाड्यांची रांग लागते.

तिकडे ओरेगनमध्ये, वालोवा खोऱ्यातल्या जोसेफ गावाजवळ, नेझ पर्स जमातीनं २०२०च्या अखेरीस १४८ एकर जमीन विकत घेतली. त्यांच्याच पूर्वजांच्या मुक्कामाची जागा. जुलै २०२१मध्ये म्हातारे, तरुण, मुलं मिळून ते तिथे गेले, काही जण घोड्यांवरून. १४४ वर्षांपूर्वी तीस दिवसांची मुदत मिळाल्यावर ज्या खोऱ्यातून निघावं लागलं होतं, तिथल्या एका तुकड्याचा सातबारा आता त्यांच्या नावावर आहे.